तो सज्ञान आहे, मी फक्त पुडी दिली

एमडी म्हणजे मेफेड्रोन, नाकाने ओढायची नशेची पावडर. ती पुड्यांतून विकणाऱ्या पोरांचा बचाव ठरलेला असतो. ‘घेणारा सज्ञान आहे, पैसे त्याचे, नाक त्याचं. मी काही कुणाचा हात पिरगाळला नाही.’ यावर लगेच संस्कारांचं भाषण सुरू करू नये, कारण हा मुद्दा वाटतो तितका पोकळ नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या शरीराचं काय करायचं ते त्याने ठरवावं, हे मला मान्य आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ अशी वयाची अट घालून आपण दारू विकतोच की.

पण दारूच्या बाटलीवर निदान किती टक्के अल्कोहोल, कुणी बनवली, बॅच कोणती हे छापलेलं असतं. पुडीवर काय असतं? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत कुरकुंभच्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत मिळून १,७०० किलोच्या वर मेफेड्रोन सापडलं. असा माल कॉलेजच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत अनेक हात बदलतो आणि वाटेत ज्याला वजन वाढवायचंय तो त्यात काहीतरी मिसळतो. मिसळतो म्हणजे कसं, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून हलवतो. तशी पावडर एकजीव होत नाही. एका पुडीत नुसता भुसा, तर त्याच पिशवीतल्या दुसऱ्या पुडीत दुप्पट जोर. काल अमुक इतकं घेऊन काही झालं नाही, म्हणून आजही तेवढंच घेणारा इथेच फसतो.

घेणाऱ्याने संमती दिली म्हणता, पण कशाला दिली? त्यात काय आहे ते त्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल असलेल्या दारूने. पिणारे सज्ञानच होते. त्यांनी दारू मागितली होती, विष नव्हे. ‘वरून आलं ते मी पुढे दिलं’ असं म्हणून त्या साखळीतल्या कुणालाही सुटता येईल, असं मला वाटत नाही. एमडीचं वेगळं का समजायचं?

साखळीतला शेवटचा हात बहुतेक वेळा पेडलर नसतोच. पाच ग्रॅम उचलायचे, त्यातले तीन दोस्तांत वाटून पैसे वसूल करायचे आणि उरलेले दोन स्वतःला फुकटात पाडायचे, असा त्याचा हिशेब. तो स्वतःला विकणारा समजत नाही, ‘सगळ्यांसाठी आणतो’ म्हणतो. शिवाय मेफेड्रोनचा अंमल दोन-तीन तासांत ओसरतो आणि लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. म्हणजे रात्री दहाला घेणारा एकला परत फोन करणार, तीनला पुन्हा, आणि तोवर खिसा रिकामा. मग उधारी. उधारी फिटत नाही म्हटल्यावर ‘दोन गिऱ्हाइकं आण’. पहिल्या पुडीला निवड म्हणा हवं तर, पण पहाटे तीनला उधारीवर दिलेल्या तिसऱ्या पुडीला मी ते नाव देणार नाही. देणाऱ्याला समोरच्याची अवस्था दिसत असते, धंदा त्या अवस्थेवरच चालतो.

कायद्याचं गणितही या पोरांना माहीत नसतं. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात मेफेड्रोनचं अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅम. अल्प असेल तर एक वर्षापर्यंत कैद, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा, कमाल वीस, आणि कलम ३७ मुळे जामीन महाकठीण. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की वजन भेसळीसकट धरायचं. म्हणजे चाळीस ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅम ग्लुकोज घालून चार पैसे जास्त कमावणारा स्वतःच्याच हाताने किमान दहा वर्षांच्या कलमात जाऊन बसतो.

आता कुणाला त्रास झालाच तर. अंग तापणं, जबडा आवळणं, छातीत दुखणं, बरळणं, झटके, यातलं काहीही दिसलं तर ‘झोपला की उतरेल’ म्हणून खोलीत बंद करू नका. १०८ ला फोन करा, कपडे सैल करा, पंखा लावा, अंग ओल्या फडक्याने पुसा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका. शांत करायला दारू किंवा झोपेची गोळी तर अजिबात नको. डॉक्टरला काय घेतलं, किती वाजता, सोबत दारू होती का, हे खरं सांगा. ब्राउन शुगरच्या ओव्हरडोसवर चालणारं नॅलोक्सोन हे औषध एमडीवर चालत नाही, त्यामुळे ‘काहीतरी खाल्लं असेल’ या उत्तरात मोलाचा वेळ जातो. माल कुठून आला हे ज्याला ठाऊक असतं, त्याचा फोन नेमका तेव्हा बंद लागतो. पैसे घेताना चालू होता.

सोडायचं असेल त्याच्यासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. एनडीपीएसच्या कलम ६४अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. दोस्तांसाठी पाच ग्रॅम आणणाऱ्याला ही सवलत नाही. २ ग्रॅमची रेघ त्याने आधीच ओलांडलेली असते.