काळ्या ऑइलनं सळईचा सुरा होत नाही

सध्या एक कृती जोरात फिरते आहे: बांधकामावरून उरलेली सळई ठोकून चपटी करा, लालबुंद तापवा आणि गाडीच्या जळक्या इंजिन ऑइलमध्ये बुडवा. ऑइलमधला कार्बन लोखंडात शिरतो, म्हणून ऑइल जितकं काळं तितकं पाणी, म्हणजे तापवून विझवल्यानं येणारा कडकपणा, चांगलं बसतं. पात्यावर निळी झाक आली की सुरा तयार. यातलं एकेक विधान तपासू.

आधी कार्बन शिरण्याचं. कार्बन लोखंडात शिरतो, हे खरंच आहे, पण त्याला लागणारा वेळ या कृतीत कुठेच नाही. मऊ पोलादाचा तुकडा कोळशाच्या भुकटीत, हवाबंद डब्यात 925 अंशांच्या आसपास चार-पाच तास ठेवला तर जेमतेम 1 मिमी खोलीपर्यंत कार्बन जातो. ऑइलमध्ये बुडवलेलं पातं काही सेकंदांत 500 अंशांखाली येतं, आणि त्या तापमानाला ही हालचाल जवळजवळ थांबलेली असते. वर बसतं ती जळलेल्या ऑइलची काजळी. कानशीचे चार हात मारा, निघून जाईल. ऑइलचं काम एकच, उष्णता ओढून घेणं.

मग सळई का चालत नाही? पाणी बसायला कार्बन मुळात पोलादात असावा लागतो, सुऱ्यासाठी साधारण 0.6 टक्के किंवा जास्त. एफई 500 प्रतीच्या टीएमटी सळईत आयएस 1786 या भारतीय मानकानुसार तो 0.30 टक्क्यांपेक्षा जास्त चालतच नाही. तिची बाहेरची साल कारखान्यातच पाण्याच्या फवाऱ्यानं कडक केलेली असते, म्हणून नवी सळई कानशीला चिवट लागते आणि माणूस फसतो. भट्टीत लाल केली की ती सालही गेली. पाण्यात विझवली तर थोडा कडकपणा येईल, पण धार दोन दिवसांत बोथट होईल.

भंगारात चांगला माल असतोच. ट्रकच्या कमानीचा पाटा घ्या: 0.5 ते 0.6 टक्के कार्बन, कोयत्याला उत्तम. जुनी कानस त्याहून कडक, साधारण 1 टक्क्याच्या वर, पण काही स्वस्त कानशींची फक्त साल कडक असते. ग्राइंडरच्या ठिणग्या पाहा: मऊ लोखंडाच्या लांब, सरळ रेषा, जास्त कार्बनच्या आखूड आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. एवढ्यावर विसंबू नका. बोटभर तुकडा कापून तापवा, विझवा, त्यावर कानस फिरवा. कानस घसरली तर पाणी बसलं. मग तुकडा फडक्यात गुंडाळून, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, डोळ्यांवर चष्मा लावून हातोडीनं मोडा. मोड राखाडी, मखमली दिसला तर तापमान बरोबर. साखरेसारखे दाणे चमकले तर जास्त तापलं. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट किंवा पाइप मात्र भट्टीत घालूच नका, त्या धुरानं ताप भरतो.

‘लालबुंद’ हे माप नव्हे. उन्हात गडद लाल दिसणारं पातं सावलीत नारिंगी दिसतं. तारेला चुंबक बांधून ठेवा. साधारण 770 अंशांना ते चिकटायचं थांबतं. त्याच्या वर आणखी 30 ते 50 अंश न्या, दोन-तीन मिनिटं धरा, मग विझवा. धारेकडची कड तेव्हा 1 ते 1.5 मिमी जाड हवी. आधीच पातळ केली तर ती वाकते किंवा तडकते. कमानपाटा पाण्यात बुडवलात तर तडा जायची शक्यता मोठी.

तेल कुठलं? शेंगदाण्याचं चार-पाच लिटर, 50 ते 60 अंशांपर्यंत कोमट केलेलं. गार तेल घट्ट असतं, उष्णता हळू ओढतं. इंजिनच्या जळक्या ऑइलमध्ये पेट्रोलचा अंश असतो, त्यामुळे भडका लवकर उडतो, आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक. भांडं लोखंडी, उभं, झाकणासह. प्लास्टिकची बादली नको. पेटलं तर झाकण टाका, पाणी कधीच नाही. पातं सरळ आत घाला आणि धारेच्या दिशेनं मागेपुढे हलवा. आडवं हलवलं की वाकलं.

निळ्या रंगाची समजूत सर्वांत गंमतशीर. हा रंग म्हणजे 300 अंशांच्या आसपास पृष्ठभागावर चढणारा ऑक्साइडचा पापुद्रा. मऊ सळईवरही तो तसाच येतो, त्यामुळे कडकपणाची खूण म्हणून तो कुचकामी. उलट पाणी दिलेल्या पात्याची धार ग्राइंडरवर निळी पडली तर तिथला कडकपणा गेला. नुकतं विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून तासाभरात त्याचं टेंपरिंग करा, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताचं तापवा: ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. धार फिकट पिवळी दिसेल. घाव सोसणाऱ्या कोयत्याला 250 च्या आसपास न्या, रंग तपकिरीकडे झुकेल. ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा धरू नका. आत वेगळा तापमापक ठेवा, 20-30 अंशांचा फरक सहज निघतो.