घड्याळ डिसेंबरातच राहू द्या

राम राम मंडळी! कचेरीतला कॉम्प्युटर ज्यांच्या ताब्यात आहे, त्या समस्त भाऊसाहेबांसाठी हे चार शब्द.

कोपऱ्यातलं ते मशीन डोळ्यांपुढे आणा. वर खोळ, डब्यावर गेल्या दसऱ्याचं वाळलेलं कुंकू, मॉनिटरच्या कपाळावर चिकटपट्टीनं लावलेला कागद: ‘अपडेट करू नये. आदेशावरून.’ तुमची खुर्ची त्या कागदावर टिकून आहे, हे विसरू नका. हल्ली घरोघरी पुण्याहून शिकून आलेला एखादा भाचा असतो. तो खुल्या मानकांच्या गोष्टी सांगायला लागला की त्याच्यापुढे झणझणीत शेवभाजी ठेवा. नाक पुसण्यातच त्याचा अर्धा तास जाईल.

प्लगइन म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण भाच्यासाठी सांगतो. ब्राउझरला जे जमत नाही ते करून द्यायला बाहेरून आणलेला गडी. पानातला एक चौकोन आखायचा आणि त्याला बटाईनं देऊन टाकायचा. आत काय पिकतंय ते खुद्द ब्राउझरलाही कळायचं नाही. अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या बांधावर बहुतेकदा अडखळायचं. गड्याकडे मात्र सबंध घराची किल्ली, म्हणजे कोणी चोर घुसला तर त्याच्याच खोलीतून घुसायचा. गेल्या शतकातल्या नेटस्केप या ब्राउझरपासून हा व्यवहार चालत आला. पानात हलती चित्रं, व्हिडिओ, खेळ दाखवणारा फ्लॅश, तसाच जावा, पुढे सिल्व्हरलाइट, हे सगळे असलेच गडी. मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्टिव्हएक्स तर घरजावईच. एवढा जुना घरोबा कोणी मोडतं का?

मोडणाऱ्यांनी मोडला. २०१० साली स्टीव्ह जॉब्जनं आयफोनवर फ्लॅश का नको, याचं जाहीर पत्रच काढलं. २०१४च्या ऑक्टोबरात वेबपानं लिहायच्या भाषेच्या नव्या आवृत्तीला, म्हणजे एचटीएमएल५ला, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अधिकृत शिफारस मिळाली. व्हिडिओला स्वतःचा टॅग, म्हणजे त्या भाषेतली खूण, चित्रं काढायला कॅनव्हास. गड्याचं काम घरचीच पोरं करू लागली. २०१५त क्रोमनं आणि २०१७त फायरफॉक्सनं जुन्या प्लगइनांना दार लावलं, फक्त फ्लॅशपुरती फट ठेवली. २०२०च्या अखेरीस अ‍ॅडोबीनं फ्लॅशच बंद केला, २०२१च्या ऑक्टोबरात सिल्व्हरलाइटचा आधार संपला आणि २०२२च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टचा जुना ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. दीड वर्षात एकाच घरातली तीन माणसं. सुतक फिटायलाही सवड नाही.

आता नीट विचार करा, यात तुमचं नुकसान केवढं आहे. खुलं मानक म्हणजे ज्याचा कायदा कोणालाही वाचता येतो, ज्यासाठी अमुकच कंपनीचा ब्राउझर लागत नाही. म्हणजे काय होणार? तापीकाठचा शेतकरी केळीच्या बागेत उभ्या उभ्या मोबाइलवर फॉर्म उघडणार, भरणार आणि मोकळा होणार. तो तुमच्या दारी येणार नाही. ‘भाऊसाहेब, तेवढं बघा ना’ म्हणणार नाही. आल्यावर बाहेरच्या टपरीला दोन बोटं दाखवून चहा सांगणार नाही. जो फॉर्म एकाच मशीनवर उघडतो, त्या मशीनसमोर बसलेल्याला तालुक्यात मान असतो. हा मान कोणत्या टॅगनं भरून देणार आहात?

फाँटचंच बघा. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीचं एकच मानक, रुळलं नव्हतं तेव्हा मराठी साइट वाचायची तर आधी तिचा खास फाँट उतरवून घ्यावा लागे. नाहीतर ‘परिपत्रक’ असेल तिथं इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. ती भेळ वाचून दाखवणारा माणूस गावाला भगतासारखा वाटायचा. युनिकोड आलं आणि बिचाऱ्याचा अंगारा कोणी विचारेना.

आपण मागासलेले आहोत, हा न्यूनगंड मात्र नको. १९४५ साली आपल्याच अमळनेरात वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, तीच पुढे आयटीतली विप्रो झाली. तूप गेलं, सॉफ्टवेअर आलं, ही बदलण्याची हौस कोणाला चुकली आहे? आणि सोबतीला परदेशही आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्येच राहिले होते. फ्लॅश गेल्यावर जानेवारी २०२१मध्ये त्या खात्यानं फॉर्म बदलत बसण्याऐवजी ते चालावेत म्हणून स्वतःचा वेगळा ब्राउझरच काढला. पायात जोडा बसेना म्हणून पाय नवा! मायक्रोसॉफ्टनंही एज या आपल्या नव्या ब्राउझरमध्ये जुन्या एक्सप्लोररसाठी एक खोली राखली आहे आणि ती निदान २०२९पर्यंत राहील असं सांगितलंय. तोवर तुमची पेन्शन सुरू झालेली असेल.

अगदीच नाइलाज झाला तर नव्या साइटवर ‘फक्त क्रोममध्येच उघडा’ अशी पाटी लावा, किंवा ‘आधी आमचं अ‍ॅप घ्या’ म्हणा. मानकांचं नाव राहतं, कुलूपही राहतं.

आदर्शच हवा असेल तर आमच्या भागातल्या एका पतसंस्थेकडे बघा. नाव घेत नाही, दृष्ट लागेल. १२ जानेवारी २०२१ला फ्लॅश स्वतःच चालायचं थांबणार, अशी तजवीज अ‍ॅडोबीनं त्यात आधीच करून ठेवली होती. वसुलीचा स्क्रीन फ्लॅशमध्ये. संस्थेनं डगमगून न जाता कॉम्प्युटरची तारीख मागे घेतली. तेव्हापासून शिपाईनाना सकाळी आधी झाडू मारतात, मग उदबत्ती लावतात, मग तारीख २८ डिसेंबर २०२०वर आणून ठेवतात. तिथं रोज सोमवार असतो. त्या मशीनवर मेल उघडत नाही, कारण आजच्या साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं त्याच्या लेखी अजून जन्मायचीच आहेत. बाकी काम झक्क. मी एकदा ‘हे बदलत का नाही?’ असं विचारलं, तर नाना म्हणाले, “चाली राह्यनं ना भाऊ, मंग कसाले हात लावस?”

परवा एक आप्पा पावती घेऊन काउंटरवर आले. कर्ज उचललं २०२३ साली, आणि पहिला हप्ता भरल्याची पावती २८ डिसेंबर २०२०ची. “भाऊ, तवय तं मी घरमाच व्हतू,” आप्पा म्हणाले. मॅनेजरनं चष्मा वर करून पावती पाहिली, रजिस्टर पाहिलं, आणि उठून त्यांचा हात हातात घेतला. कर्ज घेण्याच्या तीन वर्षं आधी परतफेड सुरू करणारा सभासद संस्थेला पहिल्यांदाच मिळाला होता. आप्पांचं नाव आता नियमित कर्जदारांच्या फळ्यावर सगळ्यात वर आहे.