आधी मॉड जमवा, मग खेळा

दर वेळी हेच! ‘ऑब्लिव्हियन’ हा कॉम्प्युटर गेम पुन्हा खेळायला घ्यावा आणि अख्खी सुट्टी मॉड (म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, चाहत्यांनी बनवलेल्या फाइली) लावण्यातच जावी. एका मॉडने जंगल दाट केलं, दुसऱ्याने त्याच जागी गाव वसवलं. आता घराच्या दारातच झाड उगवलंय, आत जाता येईना. एकाच गोष्टीत दोन मॉडनी हात घातला की शेवटी लोड होणाऱ्याचंच चालतं, आणि २००६ च्या या गेममध्ये तो क्रम ठरतो फाइलच्या तारखेवरून! मग बसा तारखा बदलत. वर २५५ प्लगइनची (मॉडच्या मुख्य फाइलींची) मर्यादा आहेच. अरे, कशाचं कशाशी जमत नाही, एवढं तरी मॉडसोबत लिहून द्या ना! ‘माझ्याकडे चालतंय’ हे काही उत्तर नव्हे. परवा ४० तास खेळून साठवलेला सेव्ह उघडलाच नाही. रडूच आलं.