रॉक म्हणजे फक्त गिटार? तारखा आणि मात्रा मोजून बघा

पुण्यातल्या गाणं ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘रॉक म्हणजे गिटार. सॅक्सोफोन ही ऐंशीच्या दशकातली फॅशन, नुसती सजावट. माउथ ऑर्गन तर जत्रेतलं खेळणं.’ मला तो चौघांनी पाठवला. चौघंही कानाचे तयार आहेत, म्हणून उत्तर लिहितोय.

ऐंशीची फॅशन? रॉक अँड रोलच्या अगदी पहिल्या गाण्यांत ज्याचं नाव घेतात ते ‘रॉकेट 88’ 1951 सालचं. ते गाणारा जॅकी ब्रेन्स्टन मुळात सॅक्सोफोनवादक, आणि त्यातला सोलो, म्हणजे एकट्या वाद्याचा तुकडा, रेमंड हिलच्या सॅक्सचा. 1955च्या ‘टुटी फ्रुटी’त लिटल रिचर्डनंतर सूत्रं हाती घेतो तोही सॅक्सच, ली अ‍ॅलनचा.

सजावटीचं म्हणाल, तर पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (1973) हातावर मात्रा मोजत ऐका. गाणं सात मात्रांचं. रूपक ताल अंगात मुरलेल्या माणसाला दुसऱ्या आवर्तनात ते कळतं. डिक पॅरीचा सॅक्स त्या सात मात्रांतच मोकळा फिरतो. गिटारचा सोलो आला की मात्र गाणं सरळ चारावर येतं! ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘जंगललँड’मध्ये (1975) क्लॅरेन्स क्लेमन्स दोन मिनिटांहून जास्त वेळ वाजवतो. तेवढा भाग गाळून ऐका. गाणं मधोमध तुटतं. त्या अल्बमच्या कव्हरवर स्प्रिंगस्टीन क्लेमन्सच्याच खांद्यावर रेललाय.

आता ‘खेळणं’. हा शब्द मला लागला. ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, रॉकचं एक मूळ) वाजवणारा लिटल वॉल्टर मायक्रोफोन आणि माउथ ऑर्गन एकाच ओंजळीत धरून अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायचा. त्याचं ‘ज्यूक’ 1952 साली अमेरिकेतल्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिलं आलं, आणि त्यात शब्द एकही नाही. बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’ची (1962) सुरुवात जॉन लेननच्या माउथ ऑर्गनने होते. जे. गाइल्स बँडच्या मॅजिक डिकचं ‘व्हॅमर जॅमर’ ऐकून कुणी खेळणं म्हणून दाखवावं.

माझ्याकडे पांढरी एकचा (पाश्चात्त्य सी स्वराचा), दहा भोकांचा माउथ ऑर्गन आहे. ब्लूज वाजवताना सा धरायचा पांढरी पाचवर (जी); तो दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की मिळतो. तिसऱ्यातून ओढला की शुद्ध गंधार. आता श्वास न तोडता जीभ हळूहळू मागे, खाली न्यायची. गंधार घसरत कोमल होतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये जी जागा लागते तिच्यावर सगळा ब्लूज उभा आहे. तिथे नेमकं थांबता यायला मला दीड वर्ष लागलं.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एक काका चाळीस वर्षं पेटी वाजवतात. परवा त्यांना ही जागा ऐकवली. त्यांनी भाता मिटला, म्हणाले, “ही मींड माझ्या पेटीत नाही. परत घे.”