ताशी आठ किलोमीटर आणि सहा शिट्ट्या

या वेळी निवांत सुट्टी हवी, असं बायकोनं जाहीर केलं. मागच्या सहलीत आम्ही बारा दिवसांत सात देश उरकले होते आणि त्यातला बेल्जियम मी झोपेतच पाहिला. म्हणून दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यू मिदी या कालव्यावर आठवडाभरासाठी बोट भाड्यानं घेतली. चालवायला परवाना लागत नाही, वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर आणि आत दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर. स्वयंपाकघर आहे म्हटल्यावर बायकोची मावशी सांगलीहून निघाल्याच. सोबत तीन लिटरचा कुकर, गोडा मसाला, हिंग, आमसुलं. तूप तेवढं घरी ठेवावं लागलं, कारण बाहेरचं दूधदुभतं युरोपात नेऊ देत नाहीत. हे दुःख त्यांना मुंबईपासून तुलूजपर्यंत पुरलं.

कास्तेलनोदारीत बोट ताब्यात आली. थोडा वेळ शिकवणी झाली, मग शिकवणाऱ्यानं धक्क्यावर उडी मारली आणि बोट माझी झाली. गाव सुटतं न सुटतं तोच समोर सां-रॉकचं चार कप्प्यांचं लॉक. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट आत घ्यायची, काठावरच्या खुंट्याला दोर वेढायचा, मागचं दार मिटतं, पाणी उतरू लागतं आणि आपण दोर हळूहळू सोडत राहायचं. मराठीत याला जलपाश म्हणतात हे मला परत आल्यावर कळलं. तिथे मी त्याला जे म्हणालो ते छापता येणार नाही.

सतराव्या शतकात पिएर-पॉल रिके या गृहस्थानं हा २४० किलोमीटरचा कालवा खणवला. सुरुवातीला लॉकच्या सरळ भिंती कोसळल्या, म्हणून त्यानं त्या फुगीर, लंबगोल करून टाकल्या. भिंती आजवर टिकल्यात. पण त्या गोलाईत बोट कुठे वळेल याचा नेम नाही, आणि बायकोचं "अहो, दोर!" चारही कप्प्यांत घुमलं.

हा रिके मुळात मिठावरच्या कराचा वसूलदार. आमच्या तुपात मीठ पडलं त्याचा संबंध मी त्याच्याशी जोडतो. दुसऱ्या दिवशी गावच्या दुकानातून मी पाव किलो लोणी आणलं. मावशींनी कढवलं. तूप छान रवाळ झालं, पण बेरी खारट! वेष्टनावर 'दमी-सेल' लिहिलं होतं, म्हणजे मीठ घातलेलं. फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांताला पूर्वी मीठकर माफ होता, म्हणून तिकडे लोण्यात सढळ हातानं मीठ घालायची रीत पडली. मावशींनी न बोलता बेरीत साखर घालून ती परतली. ब्रिटनीतले लोक खारट लोण्याचं कॅरामेल म्हणून हेच बरणीत भरून विकतात, असं मी म्हणालो.

"बेरी विकतात?" त्या म्हणाल्या. फ्रान्सबद्दलचं त्यांचं मत तिथून जे उतरलं ते वर आलं नाही.

निवांतपणाचं म्हणाल तर, इतकी धावपळ मी ऑफिसातही केली नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी हॉटेलात शिरलो, तर जेवण संपलेलं. मालकीणबाई स्वतः जेवत होत्या आणि आमच्याकडे दयेनं बघत होत्या. बेकरी चारला उघडणार होती. चारला पोचलो तर सोमवार, म्हणजे बंदच. शिवाय साडेबारा ते दीड लॉकवाल्यांची जेवणाची सुट्टी. त्या तासात बोट जागची हलत नाही. इथे भूकसुद्धा घड्याळ बघून लागावी लागते.

मावशींनी या सुट्टीतच डाव साधला. कास्तेलनोदारी कासुलेसाठी प्रसिद्ध. पांढऱ्या, लांबट घेवड्याचे दाणे रात्रभर भिजवायचे आणि मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास शिजवायचे. त्यात डुकराचे सॉसेज आणि बदकही असतं, म्हणून मावशींनी ते लांबूनच पाहिलं. पण दाणे मात्र अर्धा किलो घेतले. रात्री भिजत घातले. सकाळी मी बोट भिंतीवर आपटली तेव्हा निम्मं पाणी बायकोच्या अंथरुणात गेलं, पण दाणे बचावले.

साडेबाराला लॉकवर थांबलो. मागे आणखी तीन बोटी होत्या. कुकर चढला. पहिली शिट्टी झाली तशी मागच्या बोटीवरची माणसं ग्लास टाकून उठली आणि दोर सोडायला लागली. त्यांना वाटलं, दार उघडल्याचा इशारा! मी हातानं 'बसा, बसा' केलं. दुसऱ्या शिट्टीला त्यामागचे उठले. चौथ्या शिट्टीला लॉकवाला स्वतः घास हातात घेऊन बाहेर आला, घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मला फ्रेंचमध्ये 'माफ करा' येतं, 'उसळ' येत नाही.

सहावी शिट्टी एक अठ्ठावीसला झाली. बरोबर दीडला दार उघडलं. लॉकवाला हात करतोय, मागून भोंगे वाजतायत, बायको दोर घेऊन पुढे उभी. मी इंजिन सुरू करायला किल्ली फिरवणार, तेवढ्यात मावशी कुकरवर हात ठेवून म्हणाल्या,

"जावईबापू, सांगा त्याला, अजून वाफ बसायची आहे."