ओट्याचा छत्तीसचा आकडा

माझी उंची ४ फूट १० इंच आहे आणि नवऱ्याची बरोबर ६ फूट. लग्न ठरले तेव्हा छत्तीसपैकी किती गुण जुळतात हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पत्रिका मांडून तपासले होते. परंतु वधूच्या आणि वराच्या कोपरात किती इंचांचे अंतर आहे, याची चौकशी कोणी केली नाही. ती करायला हवी होती, हे मला कळायला बावीस वर्षे आणि एक नवे स्वयंपाकघर लागले.

कोथरूडच्या आमच्या जुन्या घरातला ओटा काळ्या कडप्प्याचा होता आणि जमिनीपासून ३० इंचांवर होता. ही उंची ठरवण्यात गॅसच्या सिलिंडरचा हात असावा, असा माझा पक्का संशय आहे. घरगुती सिलिंडर दोन फुटांहून थोडा उंच असतो. त्याच्या डोक्यावर रेग्युलेटर, नळीला वळायला थोडी जागा, आणि शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा वरच असावी हा नियम. एवढे सगळे सांभाळले की ओटा आपोआप अडीच फुटांवर येऊन थांबतो. म्हणजे बाईचे माप कोणी घेतलेच नव्हते, सिलिंडरचे घेतले होते. योगायोगाने सिलिंडरचे आणि माझे चांगले जमत होते. नवरा मात्र त्या ओट्याशी चहा करायला उभा राहिला की विहिरीत पडलेली बादली शोधतो आहे असे वाटे. दोन कप चहानंतर त्याची कंबर धरत असे, आणि तीन भाज्या चिरायच्या असल्या तर चिरण्याआधीच धरत असे.

सोसायटीचा पुनर्विकास झाला आणि नव्या घराचा ओटा आपल्या मनाप्रमाणे बांधून मिळेल असे कळले, तेव्हा नवऱ्याने जाहीर केले की, ओटा उंच असता तर आपण इतकी वर्षे रोज स्वयंपाक केला असता. या वाक्यावर विश्वास ठेवणे ही या प्रकरणातली माझी पहिली चूक होय.

ओट्याच्या उंचीचा एक साधा हिशेब आहे. अनवाणी ताठ उभे राहायचे, कोपर काटकोनात वाकवायचे आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा घ्यायचा. माझे कोपर जमिनीपासून साडेछत्तीस इंचांवर भरले, नवऱ्याचे पंचेचाळीसवर. त्यानुसार मला ३२ इंचांचा ओटा हवा होता आणि त्याला ४० इंचांचा. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर दोन्ही आकडे लिहिले, क्षणभर पाहिले आणि बेरीज न करताच निकाल दिला: “वहिनी, तुमचे बत्तीस, साहेबांचे चाळीस. मधले छत्तीस घेऊ, म्हणजे कोणाचीच तक्रार नको.” ज्या आकड्यातले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात, तोच आकडा त्यांनी तडजोड म्हणून सुचवावा, याचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता.

मिस्त्री तसे सज्जन होते. त्यांनी विटा रचून, त्यांवर फळी टाकून ३६ इंचांचा नमुना उभा केला आणि मला पोळी लाटून पाहायला सांगितले. मी हवेतच चार-पाच पोळ्या लाटल्या, एक उलटलीदेखील, आणि मला अजिबात अवघड वाटले नाही. “चालेल की,” मी म्हणाले. खाली सिमेंटचा चिखल होता म्हणून मी अडीच इंच टाचेच्या चपला घालून आले होते, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ही दुसरी चूक.

ग्रॅनाइट बसले, ट्रॉल्या बसल्या, वास्तुशांत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनवाणी पायांनी त्या ओट्यासमोर उभी राहिले. ओटा जवळजवळ माझ्या कोपरापाशी होता. त्यावर दोन इंचांचा पोळपाट ठेवला, तेव्हा पोळी कोपराच्याही दीड इंच वर गेली. पोळी लाटण्याचे बळ मनगटात नसून खांद्यातून खाली येणाऱ्या वजनात असते. हात वर उचलून लाटू लागले की ते वजन वाटेतच कुठेतरी राहते. माझी दोन्ही कोपरे बाहेर फाकून खांद्यांच्या रेषेला आली होती, आणि मागून पाहणाऱ्याला मी पोळी लाटण्यापेक्षा उड्डाणाच्या तयारीत आहे असे वाटले असते. शेगडीची गोष्ट त्याहून वरची. ओटा ३६, त्यावर शेगडीचे पाचेक इंच, त्यावर कढई. फोडणीतली मोहरी पूर्वी पोटाशी तडतडत असे, ती आता हनुवटीशी तडतडू लागली. कुकरमध्ये डोकावता येईना, त्यामुळे भात किती शिजला आहे हे मी वासावरून ठरवू लागले. पिठले ढवळताना डाव मुठीत धरून खलबत्त्यासारखा उभा चालवावा लागे.

गंमत अशी की, घरात एका माणसाला हा ओटा तंतोतंत बसला. सासूबाई ५ फूट ५ इंच आहेत. त्यांच्या कोपराचे माप मी गुपचूप नजरेने घेतले तर ४१ इंच भरले. त्यातून पाच वजा केले की बरोबर ३६. आम्हा दोघांची सरासरी काढली ती त्यांच्यावर जाऊन पोहोचली होती, आणि त्यांनी स्वयंपाकातून निवृत्ती घेतल्याला सात वर्षे झाली होती. त्या येऊन ओट्यावर दोन्ही तळवे टेकून उभ्या राहिल्या, ग्रॅनाइटवरून हात फिरवला, “छान झालाय हो ओटा,” म्हणाल्या आणि मालिका पाहायला गेल्या.

दिलेल्या शब्दाप्रमाणे नवरा तीन दिवस उभा राहिला. चौथ्या दिवशी त्याने स्वयंपाक करण्याऐवजी स्वयंपाकघरांचा इतिहास वाचायला घेतला, कारण हे काम बसून करता येते. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले, हजारो घरांत ते बसवले गेले आणि आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ त्यात आहे, असे त्याने मला ऐकवले. या बाईंना तोवर स्वयंपाकाचा काहीही अनुभव नव्हता, हेही त्याने विशेष आनंदाने सांगितले. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली: त्या स्वयंपाकघरात एक फिरते स्टूल होते आणि चिरणे-निवडणे त्यावर बसून करायचे होते. पुढे १९२९ च्या सुमारास अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ या बारा मुलांच्या आईने ओट्याची उंची ज्या त्या गृहिणीच्या मापाने घ्यावी असे सांगितले. तिचे ऐकून अमेरिकेने काय केले, तर सगळीकडे सरसकट ३६ इंच केले. आमचे मिस्त्री अमेरिकेला गेलेले नाहीत, तरी आकडा तोच.

“आमच्या वेळी हे काही नव्हते,” सासूबाई म्हणाल्या. “चूल खाली, विळी खाली, पाटा-वरवंटा खाली. बसल्यावर कोण उंच आणि कोण बुटकी, कोणाला कळत होते?” हे अगदी खरे आहे. माणसांच्या उंचीतला बराचसा फरक पायांत असतो; मांडी घातली की तो मांडीखाली जातो. गुडघ्यांचे काय होत असे, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण त्यांचे दोन्ही गुडघे शस्त्रक्रियेने बदललेले आहेत.

नवऱ्याचे संशोधन मात्र थांबले नव्हते. सिंक आठ इंच खोल आहे, म्हणजे त्याचा तळ २८ इंचांवर येतो, म्हणजे भांडी घासण्यासाठी माझीच उंची शास्त्रशुद्ध आहे, असे त्याने कागदावर मांडून दाखवले. मी म्हटले, मग त्याच शास्त्राने फोडणी तुझ्याकडे येते. कागद घडी होऊन त्याच्या खिशात गेला.

उपाय उघड होता: त्या टाचेच्या चपला. परंतु आमच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चपला थांबतात, आणि ओटा छत्तीस काय, बहात्तर इंचांचा झाला तरी त्या थांबणारच होत्या. शेवटी मी माळ्यावरून शिसवी पाट काढला. मोजून पाहिला तर अडीच इंच. जणू त्या चपलांचाच सोज्वळ अवतार. सासूबाईंनी भुवया उंचावल्या. “पाटावर पाय?” मी म्हटले, “आई, मंगलाष्टकांच्या वेळी तुम्हीच मला पाटावर उभे केले होते.” त्यांना ते आठवले. तेव्हा अंतरपाटापलीकडे मी कोणाला दिसेचना, म्हणून मामाने पाटावर पाट चढवला होता, हेही आठवले आणि त्या बराच वेळ हसल्या.

पाटावरून फोडणी उत्तम होते, पण सिंककडे वळताना आपण पाटावर आहोत हे विसरायचे नसते. मी दोनदा विसरले. दुसऱ्यांदा हातात ताकाचे पातेले होते.

पोळ्यांसाठी तेवढी उंचीही पुरेना, म्हणून मी परात आणि पोळपाट घेऊन जेवणाच्या टेबलाशी गेले. टेबल ३० इंचांचे आहे, आमच्या जुन्या कडप्प्याएवढे. पहिलीच पोळी टम्म फुगेल अशी लाटली गेली. तेव्हापासून पोळ्या टेबलावर होतात. टेबलभर पीठ असल्यामुळे नवरा ताट घेऊन ओट्याशी जातो आणि उभ्यानेच जेवतो. जेवायला ही उंची फार सोयीची आहे, अजिबात वाकावे लागत नाही, असे तो म्हणतो.

आणि सातच्या सुमारास आमटीला उकळी यायला लागली की आतून सासूबाईंचा आवाज येतो, “उतरलीस का? पाट आण, देवापुढे बसायचे आहे.”