छतावरचा मेगावॉट, रात्रीचं वसतिगृह

‘छतांवर १ मेगावॉट सौर पॅनेल बसवली की विद्यापीठ विजेत स्वयंपूर्ण’ असं एका लेखात वाचलं; हे गणित फार तर वर्षाच्या बेरजेत जुळेल. महाराष्ट्रात किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे १ मेगावॉटला (१,००० किलोवॉट) दिवसाला ४,००० युनिट. त्यासाठी बिनसावलीची जागा सुमारे १०,००० चौरस मीटर. टाक्या, एसीचे आउटडोअर, जिन्याच्या खोल्या वजा करून मोजा! वसतिगृहाचा भार चढतो संध्याकाळी सातनंतर, तेव्हा पॅनेल शून्य. शिवाय वीज गेली की ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, भर उन्हातही बंद होतो. पॅनेलची वीज लाइनमध्ये जाऊन तिथल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवतात. प्रयोगशाळेचे फ्रीज चालू हवेत तर बॅटरी नि हायब्रिड (ग्रिड नसतानाही बॅटरीवर चालणाऱ्या) इन्व्हर्टरचा खर्च वेगळा धरा. मेसच्या खरकट्याचा बायोगॅस मात्र वीज करायला जनरेटरला नको, थेट शेगडीलाच द्या.